परदेशात टाकी भाड्याने घेऊन आपलं आपण डायव्हिंग: बोनेरला जातोय, जाणकारांनी प्रकाश टाकावा

पाणकावळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

आम्ही दोघं ह्यूस्टनला असतो. मूळचे सांगलीचे, त्यामुळे पाणी म्हटलं की आयर्विन पुलाजवळ पातळी किती फूट, एवढीच अक्कल. तीन वर्षांपूर्वी मित्राच्या नादाने स्कूबा शिकलो आणि चटक लागली. दोघांच्याही ३४ डाइव्ह झाल्यात, पण सगळ्या एकाच साच्यातल्या. बोटीवर चढायचं, दुकानातल्या पोराने जोडून ठेवलेली हवेची टाकी पाठीला लावायची, उडी मारायची. पुढे गाइड आणि मागे आम्ही बदकाची पिल्लं. तो वळला की वळायचं, त्याने अंगठा वर केला की वर यायचं.

फेब्रुवारीत कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटावर जायचं ठरतंय. तिथे म्हणे दुकानातून टाक्या भाड्याने उचलायच्या, पिकअपमध्ये टाकायच्या आणि किनाऱ्यावर वाटेल तिथे गाडी लावून आपलं आपण पाण्यात शिरायचं. बोट नाही, गाइड नाही. बायको म्हणते, "आणि परत कुठून यायचं ते कोण सांगणार?" मला उत्तर सुचलं नाही म्हणून इथे आलो.

दुकानदार नुसतं डायव्हिंग शिकल्याचं कार्ड बघून टाक्या देतो का? घेताना काय बघायचं? आजवर कुणीतरी आपल्या वतीने बघत होतं म्हणून आम्ही कधी बघितलंच नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. आणि ३४ डाइव्हवर हे धाडस करावं का? रागवायचं असेल तर बिनधास्त रागवा.

झणझणीत

जळजळ झाली, इनो घेतला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

जुनाखोड

आमच्या आजोबांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. तुम्ही डबा भाड्याने घेताय आणि पैसे देऊन स्वतःच उडी मारताय, एवढाच फरक. शिवाय आमचा डबा वर ठेवायचा, तुमचा खाली नेतो. चालू द्या.

सागरगोटा

@पाणकावळा, बोनेरला तीनदा गेलोय. मी नेदरलँड्समध्ये असतो आणि २०१० च्या ऑक्टोबरपासून ते बेट याच देशाचा भाग आहे, पण चलन मात्र अमेरिकन डॉलर. तेवढं तुमच्या सोयीचं.

उतरल्या उतरल्या टाकी मिळत नाही. आधी स्टिनापा या संस्थेची फी भरायची, माणशी ४० डॉलर. तिथलं सागरी उद्यान १९७९ पासूनचं आहे आणि ते ही संस्था सांभाळते. मग दुकानात कार्ड दाखवायचं, जबाबदारीच्या कागदावर सह्या करायच्या, नियमांचं छोटं व्याख्यान ऐकायचं आणि दुकानाच्याच धक्क्यावरून एक डाइव्ह करून दाखवायची. ही पहिली डाइव्ह सगळ्यांनाच सक्तीची, हजार डाइव्हवाल्यालाही. पाण्याखाली राहायला अंगावर शिशाचं वजन किती लागतं ते तिथेच ठरवून टाका. व्याख्यानात सांगतात ते मनावर घ्या: हातमोजे चालत नाहीत, पोवळ्याला हात लावायचा नाही. २०२३ पासून तिथे पोवळ्यांचा एक वाईट रोग पसरलाय, त्यामुळे सामान जंतुनाशकात बुडवायला सांगतात. कंटाळा करू नका.

एवढं झालं की तुम्ही मोकळे. टाक्यांची खिडकी असते, गाडी तिथे मागे घ्यायची, रिकाम्या टाक्या ठेवायच्या, भरलेल्या उचलायच्या, वहीत नाव आणि आकडा लिहायचा. आठवड्याचं पॅकेज घेतलं तर कितीही उचला. कुठे जाताय, किती खोल, कुणी विचारत नाही. पहिल्या वेळी मला तेच विचित्र वाटलं होतं. गावच्या पिठाच्या गिरणीतही माझी यापेक्षा जास्त चौकशी होते.

किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर पिवळे रंगवलेले दगड दिसतील, त्यावर जागेचं नाव. दगड दिसला की गाडी लावायची. फक्त पश्चिम बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला. पूर्वेकडे व्यापारी वारे सतत लाटा आपटवत असतात, तिकडे फोटो काढा आणि परत या.

गाड्या बऱ्याचदा क्लचवाल्या असतात. अमेरिकन पाहुण्यांचे हाल होतात, तुम्हाला ड्रायव्हिंग स्कूलची मारुती आठवेल.

आणि महत्त्वाचं: पिकअपमध्ये काहीही ठेवायचं नाही. पासपोर्ट, फोन, पाकीट, चांगला टॉवेलसुद्धा. काचा उघड्या, दारं उघडी. बंद गाडी म्हणजे आत काहीतरी आहे अशी जाहिरात, आणि फुटलेल्या काचेचे पैसे तुमच्या माथी.

पाणकावळा

@सागरगोटा, दंडवत! टाक्या कसल्या असतात तिथे? आणि रेग्युलेटर (टाकीला जोडून तोंडात धरायचं श्वासाचं यंत्र) आपला न्यावा का?

सागरगोटा

रेग्युलेटर, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारा) आणि मास्क आपलाच न्या. रेग्युलेटर हातातल्या बॅगेत. टाकी मात्र घरून न्यायचा विचारही नको. विमानात न्यायची तर व्हॉल्व्ह काढून उघडी न्यावी लागते आणि १४ किलोचं धूड काउंटरवरच्या माणसाला समजावत बसावं लागतं. म्हणून तर जगभर हा भाड्याचा धंदा चालतो.

तिथे सरसकट ॲल्युमिनियमच्या ८० वाल्या टाक्या. हा ८० म्हणजे घनफूट, प्रत्यक्षात साडेसत्याहत्तरच्या आसपास हवा मावते. आपल्या मापात ११.१ लिटर, २०७ बार दाबाला भरलेली, म्हणजे तुमच्या अमेरिकन गेजवर (दाबमापकावर) ३००० पीएसआय.

यात माझी झालेली फजिती सांगतो. इकडे झीलंड प्रांतातल्या गार पाण्यात आम्ही पोलादी १२ लिटरची टाकी वापरतो, ती रिकामी झाली तरी बुडूनच राहते. ॲल्युमिनियमची टाकी भरलेली असताना थोडी बुडते आणि रिकामी झाली की दोन किलोच्या जोराने वर ओढायला लागते. पहिल्या बोनेरवारीत सुरुवातीला सगळं झकास होतं, म्हणून मी वजन वाढवलं नाही. शेवटी, वर येण्याआधी पाच मीटरवर काही मिनिटं थांबतात ती वेळ आली आणि मी बुचासारखा वर. हात हलवून, पाय मारून, श्वास सोडून काही उपयोग नाही. दोन किलो जास्तीचं वजन हा त्यावरचा सगळा उपाय. तुम्ही शिकलात ॲल्युमिनियमवर, तुम्हाला हे जाणवणार नाही. पण उद्या माल्टाला गेलात तर उलटं होईल, तिथे पोलादी टाक्याच जास्त. बोनेरचं वजन तिथे लावलंत तर दगडासारखे खाली जाल.

माझा रेग्युलेटर डिनचा, म्हणजे आट्यांनी टाकीत बसणारा. तुमचा बहुधा योक असेल, वरून शिकंज्यासारखा आवळायचा. हल्ली बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये मधला तुकडा ॲलन कीने काढला की डिन बसतो. दुकानाला आधी मेल करून विचारा. बेटावर पोचल्यावर ॲडाप्टर शोधत फिरण्यात अर्धा दिवस जातो.

देवबागकर

आमच्याकडे तारकर्लीक येवा. पण टाकी भाड्यान कोण देवचो नाय. 😄

गंमत सोडा. मालवणात जे होतं ते बहुतांश पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी. माणूस सतत हात धरून असतो, आणि तेच बरोबर आहे. एमटीडीसीचं केंद्र झाल्यापासून इथली पोरं शिकून तयार झाली, पण टाकी घेऊन स्वतः जाणारं गिऱ्हाईक इथे येतच नाही. आणि आलं तरी पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात मी तरी देणार नाही. तुमच्या बोनेरला ३० मीटर लांबचं दिसतं म्हणून हे सगळं जमतं.

निळीशाई

चार वर्षं अंदमानात हॅवलॉकला डायव्हिंग शिकवलंय, आता पुण्यात नोकरी. रागवायची परवानगी दिलीच आहे म्हणून लिहिते.

आकडा ३४ आहे हा प्रश्न नाही. त्या ३४ पैकी एकदाही तुम्ही होकायंत्र हातात धरून गेलेल्या वाटेने परत आला आहात का? गाइड नसताना हवेचा हिशोब केलाय का? नसेल तर ह्यूस्टनच्या जवळ एखाद्या तळ्यात दोन शनिवार घालवा. तळं कंटाळवाणं असतं, पण तिथे चुकलं तर फक्त कंटाळाच येतो. बोनेरला पहिल्या दिवशी स्थानिक गाइड घ्या, आणि त्याला पुढे नको, मागे पोहायला सांगा. वाट तुम्ही काढा.

आता टाकी. दुकानाच्या खिडकीतच बघा, किनाऱ्यावर नाही. तिथून परत यायला अर्धा तास लागतो.

आधी मानेजवळ ठोकलेले आकडे. अमेरिकन पद्धतीच्या टाकीवर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, ती दाबाच्या चाचणीची तारीख, दर पाच वर्षांनी. शिवाय आतून तपासल्याचा स्टिकर, दर वर्षीचा. इतर देशांत मुदती वेगळ्या असतात, पण तारीख असतेच. ॲल्युमिनियमची टाकी १९८८ च्या आधीची दिसली तर बाजूला ठेवा. तेव्हाच्या बऱ्याच टाक्यांच्या ६३५१ नावाच्या मिश्रधातूला मानेत तडे जायचे. हल्लीच्या ६०६१ च्या असतात.

मग व्हॉल्व्हच्या तोंडातली ओ-रिंग, म्हणजे हवा गळू न देणारी रबरी कडी. नखाने हलकेच फिरवून बघा, चिरलेली किंवा चपटी असेल तर बदलून घ्या. योकला ०१४ नंबरची लागते. दहा रिंगा आणि त्या काढायचा एक छोटा टोकदार पिक एका डबीत घालून सोबत ठेवा, काडेपेटीएवढी जागा.

मग व्हॉल्व्ह क्षणभर उघडून हवा सोडा. तोंडासमोर नको, हातावर. तेलाचा, जळक्या रबराचा वास आला तर ती टाकी परत. रेग्युलेटर लावून दाब बघा. २०० बार सांगून १७० असणं नवीन नाही, घाईत भरलेली टाकी गरम असते आणि गार झाली की आकडा उतरतो. ४५ अंशाला २०० दिसणारा आकडा २७ अंशाला १९० च्या खाली येतो, एवढं माफ. १६५ असेल तर सरळ म्हणा, दुसरी द्या. आपल्या लोकांना हे म्हणायला संकोच वाटतो. भाजीवाल्याकडे टोमॅटो निवडतो तशी टाकी निवडायची.

आणि पाण्यात शिरण्याआधी गेजकडे बघत चार मोठे श्वास घ्या. सुई जागची हलता कामा नये. श्वासासरशी ती खाली जाऊन परत येत असेल तर व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही. वर ठीक वाटतं, २० मीटरवर हवा पुरत नाही.

खारी_बिस्किट

व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्यायचा असं शिकवलं होतं मला.

निळीशाई

@खारी_बिस्किट, मलाही तेच शिकवलं होतं. आता सोडून दिलंय. कारण घाईत कुणीतरी उलट्या बाजूने फिरवतं, पूर्ण बंद करून पाव फेरा उघडतं, आणि टाकी "उघडी" आहे असं समजतं. पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधलं काही नाही.

कंप्रेसर_काका

मी मस्कतला असतो, आयुष्य कंप्रेसरच्या आवाजात गेलं. वर निळीशाई यांनी वासाचं लिहिलंय त्यात एक भर घालतो, कारण लोक वासावर फार विसंबतात.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो दोन वाटांनी टाकीत शिरतो. एक, हवा ओढायची नळी जनरेटरच्या किंवा उभ्या ट्रकच्या धुराजवळ असली की. दुसरी, कंप्रेसर तापून आतलं तेलच जळायला लागलं की. म्हणजे विजेवर चालणारा कंप्रेसर असला तरी सुटका नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. त्यात खोलीचा गुणाकार. युरोपच्या मानकात तो दहा लाखात ५ भागांपर्यंत चालतो, अमेरिकन ग्रेड ई मध्ये १०. हे १० भाग ३० मीटरवर चार बारच्या दाबाखाली ४० सारखे वागतात. डोकं दुखणं, मळमळ. माणसाला वाटतं बोट लागली किंवा सकाळचं ऑम्लेट.

म्हणून दुकानात गेलात की कंप्रेसर कुठे आहे ते बघून या. "जरा बघू का?" म्हटलं की चांगला दुकानदार खुशीने दाखवतो. नळीचं तोंड कुठे उघडतं, फिल्टर बदलल्याची वही आहे का, हवेच्या तपासणीचा कागद भिंतीवर लावलाय का. कुणी आडकाठी केली तर दुसरं दुकान बघा. हातात मावणारे मोनॉक्साइड मीटरही मिळतात, वारंवार फिरणाऱ्याने घ्यावा. बोनेर, माल्टासारख्या ठिकाणी रोज शेकडो टाक्या भरतात, तिथे मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती दिवसाला पाच टाक्या भरणाऱ्या आडगावच्या दुकानाची.

जुनाखोड

आमच्या डब्यात हवाच होती, तीही फुकट.

पाणकावळा

निळीशाई ताई, रागवल्याबद्दल आभार, खरंच. होकायंत्राचं उत्तर "नाही" असं आहे. हवेचा हिशोब म्हणजे ५० बारला वर यायचं, एवढाच आजवर केलाय. त्यात काही चूक?

निळीशाई

आहे. गाइडसोबत असताना ५० बार चालून जातं, कारण त्याच्याकडे जास्तीची हवा असते. तुम्ही दोघंच आहात. समजा २० मीटरवर बायकोचा रेग्युलेटर बिघडला आणि ती तुमच्या टाकीवर आली. दोघंही घाबरलेले, मिनिटाला प्रत्येकी ३० लिटर धरू. २० मीटरवर दाब तीन बार, म्हणजे मिनिटाला १८० लिटर. एक मिनिट सावरण्यात गेलं. मग दोन मिनिटं वर येण्यात, सरासरी दोन बारने, २४० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलात, २७०. बेरीज ६९०. ११.१ लिटरच्या टाकीत हे ६२ बार होतात. तुमच्या ५० मध्ये बसत नाही.

म्हणून तळ ७० बारला सोडायचा. २०० पासून ७० पर्यंत १३० बार, म्हणजे साधारण १४४० लिटर. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला १८ लिटर ओढतो, १८ मीटरवर ५०. अर्ध्या तासाला थोडी कमी एवढी डाइव्ह. किनाऱ्यावरून जाताना त्यात परतीचं पोहणं आलं, म्हणून १३५ ला वळा. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जा, येताना तो ढकलेल.

आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा) घेणार असाल तर दुकानाच्या लेबलवर जाऊ नका. तिथल्या मीटरवर टाकी स्वतः तपासायची, टेपवर ऑक्सिजनची टक्केवारी आणि खोलीची मर्यादा स्वतःच्या हाताने लिहायची. ३२ टक्क्यांना ३३ मीटर, ३६ ला २८. चुकून दुसऱ्याची टाकी उचलली जाते म्हणून नावही लिहा.

झणझणीत

वाचनखूण साठवली. मला पोहता येत नाही, तरी साठवली.

पामच्या_झाडाखाली

फ्लोरिडात या आधी, ह्यूस्टनहून जवळ पडेल. रिव्हिएरा बीचला ब्लू हेरन ब्रिजखाली, सहा मीटरच्या आतबाहेर पाणी, टाकी भाड्याने घेऊन किनाऱ्यावरून उतरायचं. भरतीची वेळ बघूनच जायचं, भरती पूर्ण होण्याआधी थोडा वेळ उतरायचं आणि ओहोटीचा ओढा सुरू व्हायच्या आत बाहेर. लाल-पांढरा झेंडा तरंगत ठेवणं कायद्याने सक्तीचं. बोनेरची तालीम म्हणून उत्तम. पुलाखाली समुद्री घोडे मिळतील ते वेगळेच.

सागरगोटा

विम्याचं कुणी लिहिलं नाही. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग बऱ्याचदा वगळलेलं असतं, किंवा "मान्यताप्राप्त प्रशिक्षकासोबत असताना" अशी ओळ असते. तुम्ही दोघंच जाणार म्हणजे ती ओळ तुमच्यासाठीच आहे. डॅन या डायव्हर लोकांच्या संस्थेचा किंवा तसाच डायव्हिंगचा वेगळा विमा काढा. आणि शेवटची डाइव्ह झाल्यावर विमानाला निदान १८ तास ठेवा. तो दिवस फ्लेमिंगो बघण्यात घालवा, मिठागरांकडे भरपूर असतात.

पाणकावळा (पाच आठवड्यांनी)

मंडळी, जाऊन आलो. दोघं शाबूत.

तळ्यात दोन शनिवार घालवले. पहिल्या शनिवारी होकायंत्राने परत येताना आम्ही किनाऱ्याला लागलो ते पार्किंगपासून दीडशे मीटर लांब, एका कुटुंबाच्या बार्बेक्यूच्या मधोमध. दुसऱ्या शनिवारी तीस मीटरवर आलो. हिला हसू आवरत नव्हतं, पण दुसऱ्या वेळी वाट तिनेच काढली होती.

बोनेरला आठ दिवसांत १९ डाइव्ह. पहिल्या दिवशी गाइड घेतला आणि त्याला मागे राहायला सांगितलं. तो म्हणाला, असं सांगणारे तुम्ही पहिलेच.

दुकानाचं नाव देत नाही, कारण एकंदरीत चांगलेच होते. पण तिसऱ्या दिवशी उचललेल्या चारपैकी एका टाकीत २४०० पीएसआय. आम्ही खिडकीतच गेज लावून बघत होतो, मागे गाड्यांची रांग, एक जण हॉर्न वाजवतोय. मला वाटलं, जाऊ दे, कमी वेळ राहू. हिने टाकी उचलून काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "दुसरी." पोराने एका शब्दाने वाद न घालता दिली. टोमॅटो आठवला.

चौथ्या दिवशी थाउजंड स्टेप्स नावाची जागा. नाव हजार, पायऱ्या सत्तरच्या आसपास, पण टाकी पाठीवर घेऊन वर येताना हजारच असतात. तिथे खाली उतरून व्हॉल्व्ह उघडला तर ओ-रिंगमधून फुस्स. डबी खिशात होती. पिकने जुनी काढली, नवी बसवली, आवाज बंद. शेजारी एक जोडपं त्याच अडचणीत बसलं होतं, त्यांनाही एक दिली. त्यांनी संध्याकाळी बिअर पाजली, म्हणजे डबीचे पैसे वसूल.

हिल्मा हूकर पाहिलं. ७२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज, १९८४ साली बंदरात पकडलं गेलं तेव्हा खोट्या भिंतीमागे गांजा सापडला, मग मालक कुणी पुढे आलाच नाही आणि त्याच सप्टेंबरात ते बुडालं. उजव्या कुशीवर पडलंय, तळ ३० मीटरला. आम्ही २४ च्या खाली गेलो नाही. आत शिरायचा मोह झाला होता, पण ७० चा आकडा मनगटावर स्लेटवर लिहून ठेवला होता, तो बघून वळलो. वर आलो तेव्हा माझ्याकडे ६५ होते, हिच्याकडे ९०. बायका हवा कमी खातात हे तिने तेव्हापासून चार जणांना सांगून झालंय.

चोरीही झाली. गाडीत खरंच काही ठेवलं नव्हतं, तरी सीटखालच्या माझ्या जुन्या चपला गेल्या. कोल्हापुरी नव्हत्या, म्हणून दुःख नाही.

तिचीबाजू

मी "ही". या धाग्यासाठी आयडी काढला, कारण नवऱ्याने एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली आहे.

सहाव्या दिवशी सॉल्ट पियर, म्हणजे जहाजात मीठ भरायचा धक्का. तिथे मिठाच्या जहाजाची वेळ असेल तर उतरता येत नाही, त्या दिवशी पियर रिकामा मिळाला म्हणून हे महाशय हर्षवायू झाल्यासारखे. घाईघाईत सामान चढवलं, कमरेएवढ्या पाण्यात गेले, फिन्स घातल्या आणि मला हाताने "चल, चल." मी म्हटलं, चार श्वास. म्हणाले, घेतले. मी म्हटलं, माझ्यासमोर घे.

घेतला. सुई ३००० वरून २२०० वर आणि परत ३०००. दुसरा श्वास, पुन्हा तेच. त्यांना काहीच वाटत नव्हतं, हवा छान येत होती. मी मागून हात घालून व्हॉल्व्ह फिरवला तर फिरतच राहिला. म्हणजे बंद करून थोडासाच उघडलेला. निळीशाई ताईंनी लिहिलेलं अगदी तेच, फक्त आमच्या घरातलं.

पियरखाली खांबांना नारिंगी आणि पिवळे स्पंज लगडलेले, मधून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या आणि माशांचा थवा एकजीव वळणारा. पन्नास मिनिटं होतो, पाच-सहा मीटरवर. यांनी वर आल्यावर पहिलं वाक्य काय म्हणावं? "धाग्यात हे लिहू नकोस."

निळीशाई

@तिचीबाजू, 🙏 बडी (डाइव्हचा जोडीदार) असावा तर असा.

पाणकावळा

कबूल. शरणागती.

पुढचा प्रश्न: नोव्हेंबरात भारतात येतोय, वाटेत बाली करायचा विचार आहे. तिथे तुलांबेनला ते बुडालेलं लिबर्टी जहाज किनाऱ्यावरूनच पोहत जाऊन बघता येतं म्हणतात. तिथेही टाकी घेऊन आपलं आपण जमतं का?

लाल_माती

तुलांबेनला दोनदा गेलेय. जहाज अमेरिकन, १९४२ च्या जानेवारीत जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, ओढत आणून किनाऱ्यावर टेकवलं होतं. १९६३ साली अगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा घसरत पाण्यात गेलं. आता किनाऱ्यापासून काही मिनिटांच्या पोहण्यावर आहे, वरचा भाग अगदी उथळ. पहिल्यांदा जाताना मात्र स्थानिक गाइड घ्याच, सकाळी आठनंतर तिथे इतकी गर्दी होते की स्वतःचा बडी ओळखू येत नाही. पहाटे उजाडता उजाडता जा, मोठे बंपहेड पॅरटफिश तेव्हाच असतात.

टाकीचं म्हणाल तर ती तुम्हाला उचलावीच लागणार नाही. किनारा म्हणजे नारळाएवढे काळे गोल दगड, बूट घालूनही पाय मुरगळतो. तिथल्या बाया डोक्यावर चुंबळ ठेवून टाकी आडवी घेतात, काही जणी एकावर एक दोन, आणि रबरी सपातांनी त्या दगडांवरून चालत जातात. मी रिकाम्या हाताने मागून धडपडत होते. पाण्याजवळ पोचल्यावर टाकी खाली उतरवून घेतली की तारीख, ओ-रिंग, वास, सुई सगळं तिथेच बघा. त्या थांबतात. मी ओ-रिंग बघत होते तेव्हा एक आजीबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्यांनी बोटाने दुसऱ्या टाकीकडे खूण केली. मी ती घेतली.